मे महिन्याचा पगार

"टाच खाली टेकव. अजून थोडी. शाब्बास, महरीन!"

पद्मजा शेट्ये जमिनीवर बसली होती. तिच्या हातात महरीनचे दोन्ही घोटे होते. सहा वर्षांची ती पोर भिंतीचा दांडा घट्ट धरून उभी होती. जन्मापासून तिचे पाय ताठ. चवड्यांवरच उभी राहायची. आता कुठे टाचा जमिनीला लागायला लागल्या होत्या.

दारात संस्थेचे अध्यक्ष दत्तात्रेय आगाशे येऊन थांबले. गाव त्यांना अण्णा म्हणायचं.

"भेटायचं होतं म्हणे?"

"हो अण्णा. मला शिक्षकांइतका पगार हवाय. आणि बारा महिन्यांचा."

ही गोष्ट २००१ सालची. रत्नागिरीतल्या त्या अपंग मुलांच्या शाळेत पद्मजा एकटी फिजिओथेरपिस्ट होती. शिक्षकांना पगार होता, तिला तासांप्रमाणे मानधन. शाळेला सुट्टी लागली की मानधन बंद. मग मे महिन्याच्या उन्हात ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे आखडलेले खांदे-गुडघे मोकळे करायची, तेव्हा कुठे तिचं आणि सावर्ड्याला असलेल्या आईचं भागायचं.

अण्णा अवघडले. "अहो, मास्तर शिकवतात. तुमचं काम म्हणजे सेवा."

"मी उभं राहायला शिकवते, अण्णा."

"ते खरंय हो! पण सरकारनं पदच मंजूर केलेलं नाही. मी तरी काय करू?"

जूनमध्ये पद्मजा गावातल्या एका खाजगी दवाखान्यात रुजू झाली. पगार चांगला, डोक्यावर पंखा, भारी टेबल. बागायतदारांची आणि व्यापाऱ्यांची कंबरदुखी. पहिल्या पगारात तिनं आईला चष्मा करून दिला. पण दुपारी, शाळेची मधली सुट्टी व्हायच्या वेळेला, तिचं कामात लक्ष लागेना.

दिवाळीनंतर एकदा महरीनची आई मासूमा पोरीला कडेवर घेऊन दवाखान्यात आली. नवरा कुवेतला, घरी सासू. पद्मजानं महरीनचे मोजे काढले. टाचा पुन्हा वर ओढल्या गेल्या होत्या.

"तुमी गेलाव आनि हिचा उभा राहना थांबला," मासूमा म्हणाली.

"माझी चूक झाली का गं?"

"पगार मागितलाव, तो काय गुन्हा केलाव? मी पन नवऱ्याला सांगतंय, घामाचा पैसा सोडू नको."

पद्मजानं तिला ताण देण्याचे व्यायाम शिकवले, दोनदा स्वतःसमोर करून घेतले आणि फी घेतली नाही.

पुढच्याच आठवड्यात शाळेत पालकसभा होती. अण्णांचं भाषण संपत आलं, तशी मासूमा उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती. पदर सावरत तिनं विचारलं, "अन्ना, बाईंना का घालवलाव?"

"घालवलं नाही हो. पद मंजूर नाही."

"तुमच्या बागेत आंब्याच्या दिसात राखनदार असतात. त्यांना पगार देताव ना? तो कुठला सरकार मंजूर करता?"

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मग हसू थांबलं, कारण एकेक आई उठून उभी राहत होती. नाटे गावाहून एसटीनं आलेले फारुकचाचा नातवाला खांद्यावर घेऊन उठले. कुणी ओरडलं नाही, नुसते उभे राहिले. अण्णांनी चष्मा काढून पुसला, पण तो परत डोळ्यांवर चढवायला त्यांना वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले. रोग्यांच्या बाकावर बसून त्यांनी आपली पाळी येऊ दिली.

"कुठं दुखतंय, अण्णा?"

"परत या. शिक्षकांइतका पगार, संस्थेच्या खर्चानं. सरकार देईल तेव्हा देईल."

पद्मजाच्या मनात आलं, लगेच हो म्हणावं. तिनं स्वतःला आवरलं. "आणि मे महिना?"

"मे महिनाही."

"मोठ्या मुलांना उचलायला एक मदतनीस बाई लागेल. माझी कंबर एकच आहे."

अण्णा खळखळून हसले. "देतो! अजून काही?"

"नाही. एक तारखेपासून येते."

मार्चअखेर महरीन वॉकर ढकलत फाटकापासून वर्गापर्यंत गेली. वाटेत दोनदा थांबली, पण कुणाला हात लावू दिला नाही. वर्गाच्या दारात तिनं मागं वळून पाहिलं आणि आईला मोठ्यानं बजावलं, "आता तू जा घरी!" मासूमा हसत-रडत फाटकाशी उभी राहिली. अण्णा टाळ्या वाजवत होते, सगळ्यांत जोरात.

मे महिन्यात पद्मजा आईला घेऊन दापोलीजवळ मुरुडला गेली. दोघींनी तिथला समुद्र पहिल्यांदाच पाहिला. आई लुगडं वर खोचून पाण्यात शिरली आणि लाट आली की लहान पोरीसारखी ओरडत मागं सरकू लागली. पद्मजा सुरूच्या सावलीत वाळूवर बसली होती. दोन्ही हात मांडीवर उघडे पडले होते, आणि त्यांना काहीही करायचं नव्हतं.