बारशाच्या आदल्या दिवशी

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी बाळानं दूध ओढायचं सोडलं. अश्लेषानं तिला पुन्हा छातीशी घेतलं, गालावरून बोट फिरवलं, तळपायाला टिचकी मारून पाहिली. बाळानं तोंड उघडलं, पण ओठ मिटले नाहीत. दूध ओठांच्या कडेनं ओघळून दुपट्यावर उतरलं. आज अकरावा दिवस होता.

बाहेरच्या खोलीत उद्याच्या बारशाची तयारी चालली होती. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते आणि स्टुलावर चढलेला तिचा नवरा अंबरीश पाळण्याच्या दोरीला गाठ मारत होता.

"आई, ही दूध घेत नाहीये."

तिच्या सासूबाई, राजलक्ष्मीबाई, पदराला हात पुसत दारात आल्या. "झोप आली असेल. ग्वाल्हेरची थंडी ही, मोठी माणसं आळसावतात, हिचं काय घेऊन बसलीस!"

"तोही असाच आळसावला होता."

"त्याचा विषय आज नको," सासूबाई दारातूनच म्हणाल्या.

तो तीन वर्षांपूर्वी इंदूरला, अश्लेषाच्या माहेरी झाला होता. दहाव्या दिवशी त्यानं दूध सोडलं आणि अकराव्या दिवशी संध्याकाळी तो गेला. कागदावर 'इन्फेक्शन' एवढंच लिहून मिळालं. या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक नियम होता, बारशाआधी गेलेलं मूल मोजणीत धरायचं नसतं. त्यामुळे त्याचा फोटो नव्हता, तिथी नव्हती. कुणी विचारलं की सासूबाई सांगत, हे पहिलंच.

तरी धास्ती सासूबाईंनाही होतीच. म्हणून आज सकाळी आठ वाजता त्यांनी समोरच्या घरातल्या शालिनीताईंना बोलावून बाळ सुपात घालून नावापुरतं त्यांच्या हवाली केलं होतं, दोन ओंजळी गव्हाच्या बदल्यात. ज्या बाईची सगळी मुलं हयात आहेत तिनंच घ्यायचं, आणि बारशाला परत द्यायचं. मूल दुसऱ्याचं झालं की त्याच्यावर टपलेलं जे काही असतं ते चकतं म्हणे. अंबरीशनं तेव्हा चेष्टाही केली होती, "ताई, अब रात को रोएगी तो तुम्ही उठायचं हं!" आणि शालिनीताई हसल्या होत्या, "नाही रे बाबा, बारशाच्या पुढे ठेवायची झाली तर भाडं घेईन."

आता अश्लेषानं बाळाचा हात उचलला आणि सोडला. तो ओल्या फडक्यासारखा खाली पडला.

"अंबरीश, गाडी काढ."

"अरे, परवाच तर दाखवलं ना? डॉक्टर बोले सब नॉर्मल—"

"गाडी काढ म्हणते ना!"

निघताना राजलक्ष्मीबाईंनी शालिनीताईंनाही हाक मारली. बाळ आज त्यांचं होतं, तर दवाखान्यात त्यांच्याच मांडीवर जायला हवं. वाद घालायला वेळ नव्हता. अश्लेषानं बाळ दिलं आणि शेजारी बसून बाळाच्या वरखाली होणाऱ्या पोटावर नजर लावली. महाराज बाड्यापाशी गाडी अडकली. पुढे ई-रिक्षांची रांग, अंबरीशचा हात हॉर्नवरून निघेना. एका मिनिटात तिनं सत्तर श्वास मोजले. पुन्हा मोजले, बहात्तर झाले. साठाच्या आत हवे होते.

डॉक्टर रुचिका वयानं अश्लेषाएवढीच असेल. तिनं बाळाला उघडं करून तपासलं, टाचेतून रक्ताचा थेंब घेतला आणि फाइल पुढे ओढली.

"पहला बच्चा?"

"हाँ जी, पहला ही समझिए," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या.

"इसमें एक गर्भपात लिखा है."

अश्लेषाला तो दिवस आठवला. गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला सासूबाईच बोलल्या होत्या, आधीचं एक गेलं, ते धरू नका. तिथल्या डॉक्टरांनी त्याचा त्यांना लागला तो अर्थ लिहून घेतला. तीही शेजारीच बसली होती. बोलली नव्हती, कारण बोलायला लागलं की रडू येई.

"गर्भपात नहीं था," ती म्हणाली. "लड़का था. पूरे दिन का. ग्यारहवें दिन गया. उसने भी ऐसे ही दूध छोड़ा था."

डॉक्टरचं पेन थांबलं. "और ये बात मुझे अब बता रहे हैं?"

तिनं फाइलमधला 'गर्भपात' खोडला.

"आप पति-पत्नी में कोई रिश्तेदारी?"

"माझी आजी और इनकी आजी, चुलत बहिणी," अश्लेषा म्हणाली. मग चुकून मराठी आल्याचं तिच्या ध्यानात आलं. "कज़िन थीं."

त्यानंतर सगळं भराभर झालं. बाळाला आत नेलं, सलाइन लावलं, रक्त काढलं. डॉक्टरनं उभ्याउभ्याच सांगितलं की हे इन्फेक्शन असू शकतं. पण काही बाळांच्या शरीराला दुधातली प्रथिनं झेपत नाहीत, त्यांचं विष होऊन मेंदूकडे चढतं, आणि दिसायला ते अगदी इन्फेक्शनसारखंच दिसतं. नात्यातल्या लग्नांत हे जास्त आढळतं, आणि रक्तातल्या अमोनियाची तपासणी केल्याशिवाय कळणार नाही. "तब तक दूध बिलकुल बंद. एक बूँद भी नहीं."

अश्लेषा बाकावर बसली. दहा दिवस तिनं दर दोन तासांचा गजर लावला होता. बाळ झोपलं असलं तरी उठवून, गुदगुल्या करून पाजलं होतं. हिच्या बाबतीत काही कमी पडू द्यायचं नाही, असं ठरवून. आताही छाती दुधानं भरून आली होती आणि ब्लाउज भिजत होता.

शालिनीताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. हात अजून बाळ धरल्यासारखेच दुमडलेले.

"वहिनी," त्या राजलक्ष्मीबाईंना म्हणाल्या, "मी सुपात घ्यायला नको होतं."

"का?"

"माझी मुलं तीन नाहीत. चार. दुसरा पाचव्या दिवशी गेला."

"अगं, ते धरत—" राजलक्ष्मीबाईंचं वाक्य तिथेच अडकलं. त्या अश्लेषाकडे बघत राहिल्या आणि मग खाली बसल्या, बाकाच्या दुसऱ्या टोकाला.

सिस्टर फॉर्म घेऊन आली. "बच्ची का नाम?"

"कल रखने वाले थे," अंबरीश म्हणाला.

"ठीक है, 'बेबी ऑफ अश्लेषा' लिख देती हूँ. और पहले वाले बच्चे का? मैडम ने उसकी पूरी जानकारी माँगी है."

अंबरीशनं आईकडे पाहिलं. राजलक्ष्मीबाईंनी मान वर केली नाही.

"राघव," अश्लेषा म्हणाली. बाराव्या दिवशी त्याच्या कानात सांगायचं म्हणून तिनं ते ठरवलं होतं. मोठ्यानं कधी उच्चारलं नव्हतं. सिस्टरनं स्पेलिंगसुद्धा न विचारता लिहून घेतलं.

पाच वाजता मिठाईवाल्याचा फोन आला. पेढे तयार होते, कधी नेणार? "अभी रुको, भैया," अंबरीश म्हणाला आणि फोन ठेवल्यावरही कानाशी धरून राहिला. राजलक्ष्मीबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून सुनेपुढे धरली. तिनं ती घेतली, प्यायली नाही.

संध्याकाळी सहा वाजता सिस्टरनं काचेतून दाखवलं. रक्तातली साखर सकाळी अडतीस होती, ती आता सत्तरवर होती. बाळानं एकदा डोळे उघडले होते. रडली नव्हती. अमोनियाचा रिपोर्ट साडेसातला मिळेल असं लॅबनं सांगितलं होतं. अश्लेषानं काचेला कपाळ लावून मोजायला सुरुवात केली.

सहा वाजून दहा मिनिटांनी श्वास मिनिटाला अठ्ठावन्न होते.