तीन इंची पाईप

मायबाप वाचकहो, मोठा आवाज म्हणजे मोठा माणूस, ही समजूत तुमच्या-आमच्या गल्लीतही आहेच ना? मग ही गोष्ट आपल्याच घरची समजा.

सायलेन्सरच्या कामात केस पांढरे केलेल्या मामांकडे भाचा तणतणत आला. "मामा, चांगला तीन इंची पाईप टाकून घेतला, तरी गाडी चढावर रडते! इंजिनच फुसकं निघालं."

मामांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि ते हसले. "भाचेबुवा, इंजिन बाराशे सीसीचं आणि पाईप ट्रकचा! अहो, धुराला वेगानं बाहेर पडू द्यावं लागतं. एवढ्या रुंद पाईपात तो रेंगाळतो, मग हळू चालवताना गाडीची ओढच जाते. याला पावणेदोन इंच पुरे."

"आणि रुबाब?"

"ते राहू दे. ताई कशी आहे?"

भाच्याचा आवाज उतरला. "गाडी आईसाठीच घेतली हो. पण थोडे दिवस बसली, आता महिना झाला, बसतच नाही. गुडघे धरून पायी कामावर जाते. विचारलं की म्हणते, चाललेलं बरं असतं."

मामांनी हात पुढे केला. "किल्ली दे. तू मागे बस, आईच्या जागेवर."

गाडी कानठळ्या बसवत भाच्याच्याच गल्लीत शिरली. धाडधाड खिडक्या बंद झाल्या. शिवणकाम करणाऱ्या काकू दारात बाळाला थोपटत होत्या. ते दचकून किंचाळलं. काकूंनी त्याचे कान झाकले आणि मागच्या सीटकडे पाहिलं. राग नव्हता हो त्या नजरेत, नुसती विनवणी होती! भाच्याला वाटलं, सीटखाली लपावं.

"आई रोज हे बघायची?"

"तुझी हौस मोडू नये म्हणून बोलली नाही, बाबा."

भाच्याचे डोळे भरले. "मामा, आत्ताच्या आत्ता कापा हा पाईप!"

दुसऱ्या दिवशी आधी तो काकूंची माफी मागून आला. मग त्यानं आईला हाताला धरून गाडीत बसवलं. ती बिचारी अंग चोरून, खिडक्यांकडे बघत बसली.

"चालू कर ना रे गाडी, उशीर होतोय."

"अगं आई, कधीची चालू आहे!"

बंधुभगिनींनो, देवानं इंजिनाला आणि माणसाला जेवढं बळ दिलंय, तेवढ्यात सुखानं चालावं. आपल्यापायी कुणाचं लेकरू दचकू नये, कुणाची माउली चारचौघांत ओशाळू नये, हे माप आपण घ्यावं. इंचांचं माप घ्यायला मामा आहेतच!