मैयाची टाच कुठं गेली?

यशवंतरावांची जीभ निळी झाली होती. बरं, झाली तर झाली, माणसानं तोंड मिटून बसावं. पण हे महाशय साऱ्या तात्यापारा मोहल्ल्यात ती काढून दाखवत फिरत होते. त्यांच्या बायकोचा, शेवंताबाईंचा, जळफळाट होत होता तो त्यापायी.

"पाहा भैया, मैयाचं तीर्थ! शुगर धुऊन निघून राहिली आतून!" पानठेल्यावर यशवंतराव सांगत.

शुगर काही धुऊन निघत नव्हती. गोळ्यांची पाकिटं मात्र देव्हाऱ्यामागे धूळ खात पडली होती, आणि पायाच्या अंगठ्याची जखम रोज थोडी थोडी पसरत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळ्या सोडल्या तर अंगठा वाचायचा नाही. पण रेल्वेत जन्मभर टीसी म्हणून मिरवलेल्या माणसाला डॉक्टर काय सांगणार!

ही सगळी करणी नीलांबर महाराजांची. पुरानी बस्तीतल्या एका मंगल कार्यालयाच्या अंगणात त्यांनी ठाण मांडलं होतं. पहाटेपासून रांग. बायका लेकरांना कडेवर घेऊन, म्हातारे नातवांच्या खांद्यावर हात ठेवून उभे. नेमकी हकिगत पाहावी म्हणून एक दिवस शेवंताबाईही गेल्या.

"अपना रोग इस नीले जल में घोल दे, बेटा!" महाराज गरजले. एक कोरी पांढरी फरशी त्यांनी सगळ्यांना उलटसुलट दाखवली, तिच्यावर निळं पाणी फासलं आणि ती उन्हात ठेवली. "अब आँखें बंद! आरती में जिसने आँख खोली, उसका रोग दुगुना!"

साऱ्यांनी डोळे मिटले. शेवंताबाईंनी एकच मिटला. आरती लांबली, आणि फरशीवरचा निळा रंग मधोमध हळूहळू फिका होत गेला. शेवटच्या घंटेला तिथं पांढरंशुभ्र पाऊल! "मैया आ गई!" अंगण दुमदुमलं. मग फरशी धुतली, आणि ते निळं धुवण भाविकांच्या घशात गेलं.

'पाऊल असतं तर टेकलं असतं,' घरी येताना शेवंताबाईंच्या मनात आलं, 'हे तर दोरीवरच्या लुगड्यासारखं विटलं.' कालची ढगाळ हवाही त्यांच्या ध्यानात होती. काल महाराजांनी "मैया मायके गई है" म्हणून दर्शनच बंद ठेवलं होतं. ढग आले की माहेरी जाणारी देवी शेवंताबाईंनी पहिल्यांदाच ऐकली.

चार दिवसांनी यशवंतरावांनी महाराजांकडून तसली एक फरशी आणि निळ्या पाण्याची बाटली घरीच आणली. निळं पाणी फासून फरशी नेमकी गच्चीवर ठेवली, जिथं शेवंताबाईंच्या कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या. शेवंताबाईंनी पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि वड्यांचं ताट सरळ अर्ध्या फरशीवर सरकवलं. वड्यांपुढे कोणाचंही चालत नसे त्या घरात.

थोड्या वेळानं गच्चीवरून यशवंतरावांची आरोळी आली.

"अवं, धावा! मैयानं टाचच नाही दिली!"

खरंच. पाच बोटं, चवडा, आणि ताटाची कड जिथं आली तिथून पुढं सारं निळंच.

"तुह्या वड्यांनी मैयाले कोपवलं!" यशवंतराव रडकुंडीला आले.

"काहून जी? डोंगर फोडून येणारी मैया, तिले माह्यं स्टीलचं ताट आडवं आलं?" असं म्हणून शेवंताबाईंनी ताट उचललं. दोघं उभ्या उन्हात पाहत राहिली. जरा वेळानं टाचही आली. आधी धूसर, मग चक्क पांढरी.

यशवंतरावांनी हात जोडले. शेवंताबाईंनी नातीला हाक मारली.

चेतना इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मराठी समजायची, बोलायची हिंदीत. फरशी डोळ्याजवळ नेऊन ती हसायला लागली.

"आजी, आपने तो पूरा एक्सपेरिमेंट कर डाला! हमारी लैब में यही काम होता है."

"मंग ऊन सारंच काहून नाही विटवत? पायाचाच आकार काहून?"

"क्योंकि पैर छपा हुआ है." आणि तिनं समजावलं. टायटॅनियमची एक पांढरी, चिनीमातीसारखी भुकटी असते. ती शाईत अगदी बारीक मिसळायची आणि घरच्या फोटो छापायच्या यंत्रासारख्याच यंत्रानं थेंब थेंब करून फरशीवर छापायची. मग भट्टीत तापवली की ती पक्की बसते. पांढऱ्यावर पांढरं, डोळ्याला दिसत नाही. ऊन पडलं की ती भुकटी जागी होते आणि आपल्या अंगावरचा रंग मोडून टाकते. बाजूचा रंग तसाच राहतो. "अस्पताल की दीवारों के लिए बनाते हैं, दाग और जंतु हटाने को. बाबा ने पैर छाप दिया."

 शेवंताबाईंनी दारातली आपली पट्ट्याची चप्पल उचलून नातीच्या हातात दिली.

"तुह्या लॅबमध्ये हे छापता येते?"

पुढच्या दर्शनाला शेवंताबाई रांगेत पहिल्या; काखेत फरशी, पिशवीत स्टीलचं ताट, मागं यशवंतराव आणि चेतना. "महाराज, तुमचीच फरशी हाय. ह्यांचा अंगठा बरा होत नाही. आज तुमच्याच हातानं होऊ द्या." चार लोकांसमोर नाही कसं म्हणणार? महाराजांनी आपलं निळं पाणी फासलं, फरशी उन्हात ठेवली, डोळे मिटायला लावले. आरती झाली. घंटा वाजली. लोकांनी डोळे उघडले.

फरशीवर चप्पल होती. दोन पट्टे, अंगठ्याची गोल खूण, सारं जिथल्या तिथं.

"मैया चप्पल घालून आली का जी?" मागून कोणीतरी विचारलं, आणि अंगणात हसू फुटलं.

"घोर अपमान! मैया की लीला..." महाराज पुटपुटले.

"अपमान तुम्ही केला, तिच्या नावानं नीळ पाजून. ही लीला माह्या नातीनं कॉलेजात छापली, खोटं बोलून मी तुमच्यापुढं ठेवली. आता तुमच्या फरशीवर हे ताट ठेवते. मैया ताटाखालून आली तर मी तुमचे पाय धुते."

चेतनानं भुकटीची अन् उन्हाची गोष्ट साऱ्यांना सांगितली. महाराजांच्या फरशीला निळं पाणी फासून अर्ध्यावर ताट ठेवलं, आणि पुन्हा अर्धाच पाय उमटला. तो पाहायला महाराज थांबले नाहीत. मागच्या दारानं निघाले, तेही अनवाणी, कारण गडबडीत खडावा तिथंच राहिल्या.

घरी येऊन शेवंताबाईंनी गोळीचं पाकीट फोडलं, पाण्याचा ग्लास भरला आणि नवऱ्यापुढं धरला. यशवंतराव खाली मान घालून आपल्या अंगठ्याकडे पाहत होते.

"सारी नोकरी तुम्ही फुकट्या लोकांची कॉलर धरली. बायकोच्या भावालेही नाही सोडलं, दंड केला. लेकाचं लग्न जमलं तेव्हा व्याह्याचं तिकीट पाहिलं. मंग ह्या बाबाले काहून नाही विचारलं, दाखव बा तुह्यं तिकीट? देवाचं नाव घेतलं की तुमचा हातच नाही उठला. देवाले हात जोडा, मी नाही म्हणत. पण त्याच्या नावानं जो कोणी चढंल, त्याचं तिकीट आधी पाहा. घ्या गोळी, आणि जीभ आत ठेवा."

यशवंतरावांनी गोळी घेतली.