डाव्या हाताचा ब्रेक

मी गार्डाचा डबा बोलतोय. गाडीच्या अगदी शेपटाला असतो ना, तो. अरुंद रुळांवरच्या जुन्या छोट्या गाडीचं मॉडेल करायचं म्हटलं की लोकांना आधी इंजिन आठवतं. त्याचा धूर काय, त्याची शिट्टी काय, त्याचा तोरा काय! शेवटच्या डब्याकडे बघायला वेळ कुणाला? पण गाडी उताराला लागली की गार्डाचा ब्रेकच कामाला येतो, एवढं इंजिनाने तरी विसरू नये.

खरा डबा वीस फुटांचा होता, मी एक फुटाचा. ती लाइन बंद पडली, रूळ उखडले आणि खरा डबा भंगारात गेला. मला त्याचा धाकटा भाऊ म्हणा नाहीतर पुनर्जन्म म्हणा, माझी हरकत नाही.

माझा जन्म झाला तो दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या टेबलावर. या कवळीवाल्यांनी चाळीस वर्षं लोकांना दात बसवले. काम थांबवल्यावर सगळी हत्यारं घरी आणून खिडकीपाशी मांडली : मेण कापायची सुरी, चिमटे, भिंग, कवळीचे दात घासून आकाराला आणायचं छोटं यंत्र. त्याच हत्यारांनी ते जुन्या गाड्यांचे डबे बनवू लागले. माझ्या भिंतींची एकेक फळी त्यांनी हाताने तासली, चाकं पितळेची घडवली, आणि जिथे फट राहिली तिथे कवळीचा गुलाबी मसाला भरला. माझ्या पोटाखाली डोकावलात तर तुम्हाला हिरड्या दिसतील. आता आहे हे असं आहे.

माझ्या छताच्या पत्र्यावर तीनशे बारा रिव्हेट आहेत, प्रत्येक मागून सुईने टोचून उठवलेलं. काकू, म्हणजे कवळीवाल्यांच्या पत्नी, जेवायला हाका मारून थकल्या तरी यांचं आपलं चालूच.

"एकच राहिलंय," हे म्हणाले.

"मग त्या रिव्हेटलाच वाढायला सांगा," काकू म्हणाल्या आणि ताट झाकून निघून गेल्या.

एवढा खटाटोप कपाटात शोभेला ठेवण्यासाठी नव्हता. गार्डसाहेबांसाठी होता. हे खऱ्या डब्याचे शेवटचे गार्ड. त्यांची कवळी कवळीवाल्यांनीच केलेली, तेव्हापासूनची ओळख. ते कवळीवाल्यांना 'डॉक्टर' म्हणतात, आणि ऐकणाऱ्यालाही ते आवडतं. गेल्या काही वर्षांत गार्डसाहेबांची नजर पार गेली. एकटं राहणं जमेना, म्हणून दुसऱ्या शहरात मुलीकडे कायमचं जायचं ठरलं. तेव्हा ते एकदा याच टेबलापाशी म्हणाले होते, "पोरगी म्हणते, बाबा, घरात काही झालं की तुम्ही आपले गाडीवर. खरंच होतो हो. पण गार्डाच्या डब्यात घरच्यांना चढता येत नसे. तिने तो आतून कधी पाहिलाच नाही. मी आयुष्य कुठे काढलं, ते तिला एकदा दाखवायचंय."

बस, तेवढ्यासाठी मी.

त्यांच्या ट्रंकेत जुन्या फिल्मचा एक तुकडा होता. डब्याच्या आतलं चित्र : मधोमध तरुण गार्डसाहेब, एका बाजूला ब्रेकचं चाक, दुसऱ्या बाजूला बाक. कवळीवाल्यांनी त्याचा मोठा फोटो करून आणला, टेबलासमोर टाचला आणि आठ महिने पट्टीने मोजून मोजून मला बनवलं.

गार्डसाहेबांना निघायला दहा दिवस होते तेव्हा मला त्यांच्या मांडीवर ठेवलं. छत उचलून त्यांनी बोटं आत घातली. खिडकीची चौकट चाचपली. कंदिलाचा आकडा सापडला तसे हसले. मग त्यांचा डावा हात खाली कोपऱ्यात गेला. तिथे बाक होता. हात मागे आला, पुन्हा गेला. पुन्हा बाकच.

"छान झालाय," ते म्हणाले. "अगदी तस्सा."

मी खूश. कवळीवाले मात्र खूश दिसेनात. 'छान बसलीय' म्हणून घरी जाणारी आणि कवळी वाटीत बुडवून ठेवणारी माणसं त्यांनी ढीगभर पाहिली होती. त्यामुळे त्यांचा एक नियम होता : कुठे बोचतं ते सांगितल्याशिवाय कुणाला खुर्चीतून उठू द्यायचं नाही. त्यांनी स्टूल जवळ ओढलं.

"गार्डसाहेब, बोचतंय कुठे?"

"कुठेच नाही."

"कवळीच्या वेळीही हेच म्हणालात, आणि महिनाभर नुसत्या दुधावर राहिलात."

गार्डसाहेबांचा डावा हात पुन्हा त्या कोपऱ्यात गेला. मग हळूच म्हणाले, "ब्रेक डावीकडे होता, डॉक्टर. झेंडा उजव्या हातात, ब्रेक डाव्या. हा डबा चांगला आहे हो, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

माझ्या पायाखालचे रूळ सरकले.

"फोटोत तुमच्या उजव्या हाताला आहे," कवळीवाले चिडून म्हणाले. "फोटो कशाला खोटं बोलेल? इतक्या वर्षांनी माणसाच्या लक्षात..." पुढचे शब्द त्यांनी गिळले, पण गार्डसाहेबांना ते ऐकू आलेच.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरचा फोटो काढून उजेडात धरला. "अहो, यांच्या कोटाचा खिसा उजव्या छातीवर आहे. बटणंही उलटी. असा कोट कुठला शिंपी शिवतो?"

फिल्मचा तुकडा काढून पाहिला. फोटो करताना फिल्म उलट्या बाजूने धरली गेली होती. चित्रात कुठे एक अक्षर नव्हतं, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही, आणि ज्यांनी ओळखलं असतं त्यांना दिसत नव्हतं.

"लोकांच्या तोंडात जन्मभर डोकावलात," काकू म्हणाल्या, "पण तोंडाखालचा खिसा नाही दिसला."

कवळीवाल्यांचा चेहरा एवढासा झाला. "मी तुमच्या आठवणीवर शंका घेतली," ते गार्डसाहेबांना म्हणाले. "चुकलं माझं."

"राहू द्या हो. पोरीला काय कळणार आहे?"

"तुम्हाला कळेल ना."

नवा डबा करायला दहा दिवस पुरणार नव्हते. मलाच मोडायचं ठरलं. भंगाराची धास्ती आमच्या घराण्यात आहे. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? ब्रेकचा खांब उपटला, बाक कापला, दाराच्या बिजागऱ्या हलवल्या, खिडक्यांची अदलाबदल केली. दात काढताना तुमचं जे होतं, तेच माझं झालं.

पण एक बदल झाला. आता पट्टी बाजूला राहिली. काकू रोज गार्डसाहेबांना हात धरून घेऊन येत, आणि त्यांच्या बोटांनी मापं ठरत. "थोडं मागे. अजून. हां, इथे माझं कोपर टेकायचं." जे फोटोत कधी नव्हतंच तेही माझ्यात आलं : जेवणाचा डबा टांगायचा खिळा, बाकाची झिजलेली कड. रोज त्यांना काहीतरी नवं आठवायचं आणि कवळीवाले मुकाट्याने चिमटा उचलायचे. त्या दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की मी कुणाचा तरी आहे.

नवव्या दिवशी जरा तिरप्या ठेवलेल्या फळीवर रूळ मांडले आणि मला सोडून दिलं. मी घरंगळू लागलो. वरून गार्डसाहेबांचा डावा हात आत आला, चिमटीत ब्रेकचं चाक धरून त्यांनी दोन वेढे दिले. मी थांबलो.

"आता माझा," ते म्हणाले.

सध्या मी त्यांच्या मुलीच्या घरी, त्यांच्या पलंगाजवळच्या फळीवर असतो. सुरुवातीला ती माझ्यावरची धूळ पुसायची आणि जायची. बापलेकीत बोलणं बेताचंच, औषध घेतलं का आणि पंखा हवा का, एवढंच. तुम्हाला माझी एक विनंती आहे. कुणाचं जुनं काही नव्याने बनवत असाल तर फोटो जरूर बघा, पण ज्याने ते वापरलं त्याच्या हातात एकदा द्या. आणि तो 'छान' म्हणाला की लगेच उठू नका.

गेल्या रविवारी मुलगी पलंगावर बसली आणि माझं छत उचलून आत बघत राहिली.

"बाबा, माझ्या जन्माच्या वेळी आई एकटी होती. तुम्ही कुठे होतात?"

आवाजात राग नव्हता, पण प्रश्न जुना होता. गार्डसाहेबांनी तिचा हात शोधला, तिचं बोट धरून माझ्या आत नेलं. बाकावरून पुढे, ब्रेकपाशी, खिडकीच्या कडेला टेकवलं.

"इथे," ते म्हणाले. "गाडी सुटताना तिला कळा सुरू झाल्याचा निरोप आला. बाकावर बसवेना, म्हणून शेवटच्या स्टेशनापर्यंत इथे उभा होतो."

तिने बराच वेळ बोट तिथून काढलं नाही.