मागची भिंत

सुनेत्राने स्टुलावर चढून पडद्याची दांडी हुकातून उचलली आणि पडद्यासकट धाडकन खाली सोडली. धुळीचा लोट उठला. दारात उभ्या तिच्या नवऱ्याला, हरिहरांना, शिंकांवर शिंका आल्या.

"अगो, पडदे तरी राहू देत. ते काय जागा खातायत?"

"धूळ खातायत. दुपारी सफाईवाली मुलं मशीन घेऊन येणारेत. खोली रिकामी हवी म्हणालेत, म्हणजे रिकामी!"

रिकामी म्हणजे किती, ते तिने सकाळपासून अख्ख्या मांडवीला दाखवलं होतं. दिवाण गेला, जाजम गेलं, हरिहरांच्या मुक्या रेडिओंची उतरंड गेली. फाटकाशी शेजारच्या विनीतचा आंब्याचा टेम्पो लागला होता. ज्याला जे हवं त्याला ते पोचवायचं त्याने कबूल केलं होतं.

कारणच तसं होतं. देवळाच्या सभामंडपाचं छप्पर दुरुस्तीला काढलेलं, त्यामुळे रामनवमीच्या उत्सवातलं एक कीर्तन यंदा कुणाच्या तरी घरी करायचं ठरलं. सुनेत्राने हात वर केला, तो पंचांनी होकार देईपर्यंत खाली घेतला नाही. लहानपणी लांज्याला वडिलांच्या मांडीवर बसून तिने कीर्तनं ऐकली होती. लग्न होऊन इथे आल्यावर देवळातली पहिली रांग, बुवांच्या अगदी समोरची जागा, तिने कधी कुणाला दिली नाही. आणि आता नारदाची गादी थेट आपल्या घरात! बाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. फक्त कीर्तनकार मृणालीताई आज येऊन जागा बघणार होत्या. त्यांना पटली नाही, तर कीर्तन बाजारातल्या कार्यालयात जायचं होतं.

"आता ह्या," असं म्हणत तिने मागच्या भिंतीला लागून छातीइतक्या रचलेल्या गोधड्यांना हात घातला.

"आईच्या आहेत."

"माहित्ये. पण पांघरतंय कोण? विनीतला पेट्या झाकायला होतील. आईंनाही बरंच वाटेल."

हरिहरांनी वरच्या गोधडीचा हिरवा काठ अंगठ्याने एकदा सरळ केला. मग एकेक गठ्ठा खांद्यावर घेऊन ते स्वतःच टेम्पोत ठेवून आले.

नऊवारी लुगड्यांच्या त्या गोधड्या शिवणाऱ्या सासूबाई कीर्तनाला कधी पुढे बसल्या नाहीत. देवळात शिरल्या की थेट मागच्या भिंतीला पाठ लावायच्या. सुनेत्रा पुढून खुणा करून दमायची. त्या आपल्या तिलाच बोलवायच्या, "इकडे ये गो. इथे शब्द नीट पोचतो." म्हातारपणाचा हट्ट, असं म्हणून सुनेत्रा पुन्हा पुढे तोंड करायची.

मृणालीताई आल्या. वयाने लहान, पण उंबऱ्यावर चपला काढल्या तशी सुनेत्राने त्यांना वाकून नमस्कार केला.

"अहो काकू, हे काय! केवढी मोठी खोली तुमची!"

"मोठी होतीच हो. सामानाखाली गाडली गेली होती."

गादी जिथे मांडायची ती जागा सुनेत्राने दाखवली. मृणालीताईंनी तिथल्या फरशीला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि खडा सूर लावला. सुनेत्राच्या अंगावर काटा आला. मग त्यांनी कथा सुरू केली. रामराया वनवासाला निघतात, कौसल्या दाराशी येते... पण राम निघायच्या आत कौसल्या येऊन पोचली. शब्दावर शब्द चढला, आणि मृणालीताई मध्येच थांबल्या.

"घुमतंय, काकू."

"छे, मला अगदी स्वच्छ ऐकू आलं!"

"तुम्ही पुढे आहात ना. मागच्याला काही कळणार नाही. गाणं एक वेळ निभेल हो, पण कथेचा शब्दच पोचला नाही, तर लोकांनी यायचं कशाला? कार्यालयात निदान पडदे आहेत."

हरिहर मागच्या उघड्या भिंतीवर हात ठेवून उभे होते. "इकडे नुसता गलका येतोय," ते म्हणाले. "आई असताना ही खोली कधी अशी घुमली नाही."

सुनेत्राने त्यांच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. तेवढ्यात फाटकाशी टेम्पो सुरू झाला.

ती पदर खोचून अनवाणी धावली. अंगणातला तापलेला चिरा पायाला भाजत होता.

"विनीत! अरे मेल्या, थांब!"

"काय काकू, काही राहिलं?"

"काहीच राहिलं नाही, तोच तर घोटाळा झालाय! गोधड्या काढ त्या!"

मघाचीच दांडी, दोन सुंभाचे दोर, विनीतची उंची आणि हरिहरांच्या गाठी. बघता बघता मागची भिंत लुगड्यांच्या रंगांनी भरली. मृणालीताईंनी पुन्हा कौसल्येला दाराशी आणलं. ती आता आपल्या वेळेला आली, आणि तिचा हुंदका मागच्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ ऐकू आला.

"काकू, इथेच करू या!"

सुनेत्राने टाळी वाजवली. टाळीसुद्धा एकदाच वाजली, त्याचंच तिला कोण हसू आलं.

दुपारी सफाईवाला मुलगा भिंतीकडे बघत राहिला. "रिकामी म्हणालो होतो ना, काकू?"

"जमीन रिकामी आहे ना? घासा बाबा हवी तेवढी. भिंतीचं माझ्याकडे लागलं."

उत्सवाच्या संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. ओटीवर माणसं, खिडकीत माणसं. हरिहरांनी पहिल्या रांगेत गादीच्या बरोबर समोर सुनेत्राचं आसन घालून ठेवलं होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते "इथे नको हां" म्हणून हटकत होते. झांज वाजली. मृणालीताई गादीवर उभ्या राहिल्या. आसन रिकामंच होतं.

हरिहरांनी मान वळवून गर्दीत शोधलं. सुनेत्रा अगदी मागे, हिरव्या काठाच्या गोधडीला पाठ टेकून बसली होती. त्यांनी हाताने पुढची जागा दाखवली. तिने मान हलवली, थोडी सरकली, आणि शेजारच्या फरशीवर हलकेच थोपटलं.

"इकडे या हो," ती म्हणाली. "इथे शब्द नीट पोचतो."