साही चोक चोवीस

श्रीपतने वल्हं चिखलात रोवून होडी थोपवून धरली. पाणी फिरलं होतं. वसईच्या खाडीतला वाळूचा पट्टा ओहोटीला तीन तास उघडा पडायचा. तेवढ्यात गावातल्या बायका तिसऱ्यांचे शिंपले उकरायच्या आणि श्रीपत त्यांना परत न्यायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या त्या होळीला उधाण मोठं होतं.

“आटपा गो! तिसऱ्यांची सोयरीक जुळवताय काय?”

“तुझी नाय जुळली, त्यांची तरी जुळू दे,” चढता चढता हंसा म्हणाली. बायका हसल्या.

सगळ्या आपापल्या जागी बसल्या. डोक्याला फडकी, वाऱ्यामुळे माना खाली. श्रीपतने डोकी कधी मोजली नव्हती. एकेक मोजायला लागला की तो चुकायचा. होडीला सहा फळ्या, फळीवर चौघी. भरलेली फळी नजरेला एकदम कळायची, आणि पडलेल्या दातासारखी रिकामी जागाही. पंधरा वर्षांत हिशेब हुकला नव्हता. त्याने मागून पुढपर्यंत नजर फिरवली. फट कुठेच नव्हती.

“समदी आली?” हंसाने मान न वळवता विचारलं.

“साही चोक चोवीस.”

धक्क्यावर बायका उतरल्या. सगळ्यात पुढच्या फळीवर एक जण बसूनच होती. श्रीपतने हाक मारली, मग जवळ गेला. ती शिगोशीग भरलेली पाटी होती. तिच्यावर रंभाचं लाल फडकं बांधलेलं होतं.

“पाटी ठेवून परत गेली ती,” त्याच फळीवर बसून आलेली एमिली म्हणाली. “शेवटची ओंजळ आनते बोलली. मला वाटलं, येऊन जावेजवळ बसली असंल.” तिचा आवाज बारीक झाला. “तू चोवीस बोललास ना, दादा.”

रंभाची जाऊ म्हणजे हंसा. ती धक्क्याच्या कडेला गेली. खाडीकडे बघत राहिली.

श्रीपत एकटाच मागे फिरला. पट्ट्याच्या जागी पुरुषभर पाणी होतं. भरती पुरी होईपर्यंत तो हाका मारत फिरला. रंभा तिसऱ्या दिवशी तिवरांत सापडली.

अमावास्येच्या उधाणाला बायका पुन्हा निघाल्या. चुली थांबणाऱ्या नव्हत्या. परतताना श्रीपतने प्रत्येकीला आपलं नाव मोठ्याने सांगायला लावलं, फळीफळीवरून जात बोटाने मोजलं. तेवीस. मग मागे येऊन वल्ह्यापाशी उभा राहिला आणि त्याची नजर सवयीने फिरली. पुढच्या फळीवरच्या रिकाम्या जागेत कुणीतरी पाटी सरकवली होती. फट कुठेच नव्हती.

तो पुन्हा पुढे गेला, पुन्हा मोजलं. तेवीस. मागे येऊन पाहिलं. चोवीस.

“किती?” हंसाने विचारलं. या वेळी तिने मान वळवली होती.

श्रीपतने वल्हं खाली ठेवलं.

“तूच मोज, वयनी.”

हंसा उठली. आधी स्वतःच्या छातीला हात लावला, मग पुढच्या फळीपासून एकेकीच्या डोक्यावर हात ठेवत, आकडा मोठ्याने म्हणत मागे आली. शेवटच्या बाईपाशी तेवीस झाले. ती थांबली नाही. अजून एक पाऊल टाकलं आणि श्रीपतच्या छातीवर बोट ठेवलं.

“चोवीस,” ती म्हणाली. “चल, सोड होडी.”