सातवं कलम

निकेश राजीनामा द्यायला स्वतः घरी आला. पोस्टाने पाठवला असता, नाहीतर मोबाइलवर फोटो काढून टाकला असता, तर हरिभाऊंना मनसोक्त रागावता तरी आलं असतं. पण तो मे महिन्याच्या उन्हात सकाळी नऊ वाजता आला, चपला दाराबाहेर काढल्या, शरयूताईंच्या पाया पडला आणि घडी घातलेला कागद दोन्ही हातांनी हरिभाऊंपुढे धरला.

"काकाजी, मी हिंगणघाटले जाऊन राह्यलो," तो म्हणाला. "वेणा स्पोर्टिंगवाल्यांनी बोलावलं."

वेणा स्पोर्टिंगचं नाव पुलगावात कुणी साध्या आवाजात घेत नसे. जिल्हा चषकाची अंतिम लढत आठ वर्षांत पाचदा याच दोन संघांत झालेली, आणि पाचांपैकी चार वेळा चषक हिंगणघाटला गेलेला. निकेश हा पुलगावच्या नवयुवक मंडळाच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर. म्हणायला मॅनेजर, एरवी कोचही तोच, मैदानावर चुन्याच्या रेघा ओढणाराही तोच, आणि कुणाचं हाड मोडलं तर त्याला मोटरसायकलवर मागे बसवून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेणाराही तोच. हरिभाऊ मंडळाचे सचिव. कोर्टात पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. मंडळाचा एकही कागद त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे.

"का रे? इथे काही कमी पडलं?"

"नाई जी. कमी काही नाई."

"मग?"

निकेशने पाण्याचा पेला अर्धा रिकामा केला आणि खाली ठेवला. "असंच जी. दुसरी जागा पाहाव म्हटलं."

"तीन वर्षांचा करार आहे आपला. अजून चौदा महिने बाकी आहेत."

"आहे जी. मले माहीत आहे."

"सातवं कलम आठवतं?"

"आठवते," निकेश म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली.

ते सातवं कलम हरिभाऊंच्या पुतण्यामुळे आलेलं. शौनक पुण्यात एका कंपनीत होता. करार कसा लिहितात म्हणून हरिभाऊंनी विचारलं, तर त्याने स्वतःच्याच नोकरीचा करार पाठवून दिला. हरिभाऊंनी तो रात्रंदिवस बसून मराठीत आणला. मुदत संपण्याआधी काम सोडल्यास जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याही संघाला एक वर्ष प्रशिक्षण देता येणार नाही, असं हे सातवं कलम. सही करताना निकेशने ते मोठ्याने वाचलं होतं आणि हसला होता. "काकाजी, मी जाऊन जाऊन जाईन कुठं?" तेव्हा सगळेच हसले होते.

पण त्या कराराच्याही आधी एक गोष्ट ठरली होती, आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. निकेशचा गुडघा सव्विसाव्या वर्षी गेला. खेळणं सुटलं. वर्षभर तो मैदानाकडे फिरकला नाही. त्याला परत आणलं ते हरिभाऊंनी. संघ सांभाळ म्हटलं तर तो कचरत होता. "कमिटीवाले आपापली पोरं घुसवतात जी," म्हणाला होता. हरिभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. "संघ तू निवडायचा. कुणी बोट घातलं तर मी आडवा पडेन. माझा शब्द आहे." पुढे करार लिहायला बसले तेव्हा हे वाक्य घालावं असं त्यांच्या मनात आलंसुद्धा. पण घरच्या माणसाला दिलेला शब्द कागदावर कशाला, म्हणून राहून गेलं.

तो शब्द मोडला गेल्या जानेवारीत. वर्ध्याला अंतिम सामना होता, समोर वेणा स्पोर्टिंग. मंडळाचे अध्यक्ष बंडूजी, सिमेंट-लोखंडाचे व्यापारी. संघाच्या जर्सी त्यांच्या, बस त्यांची. आदल्या दिवशी चहा पिता पिता ते सहज म्हणाले, "हरिभाऊ, आमच्या रजतले खेळवा ना उद्या. घरचे सारे येऊन राह्यले मॅच पाहाले." रजत त्यांचा नागपूरचा पुतण्या. हरिभाऊंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी निकेशने लिहिलेली अकरा जणांची यादी सचिवाच्या सहीसाठी त्यांच्याकडे आली. त्यांनी मुकेशच्या नावावर रेघ मारली, वर रजतचं नाव लिहिलं, सही केली आणि यादी पंचांच्या हातात दिली. तीन मिनिटांचं काम.

निकेशला ते भोंग्यावर नावं पुकारली तेव्हा कळलं. मुकेश जर्सी घालून, बूट बांधून उभा होता. तीन वर्षं निकेशने घडवलेला, बचावफळीतला स्टॉपर. तो खाली बसला आणि सामना संपेपर्यंत उठला नाही. पुलगाव दोन गोलांनी हरलं. रजत काही वाईट खेळला नाही. हरण्याचं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नव्हता. पण मुकेश त्यानंतर सरावाला आला नाही.

परतताना बसमध्ये निकेश हरिभाऊंच्या शेजारी येऊन बसला. देवळी मागे पडली. मग म्हणाला, "काकाजी, मले फक्त सांगून द्याचं होतं."

"अरे, एका मॅचचा तर प्रश्न," हरिभाऊ म्हणाले होते.

राजीनाम्याच्या सकाळी हे सगळं त्यांना आठवलं नाही असं नाही. आठवलं, आणि त्यांनी ते बाजूला सारलं. समोर करार होता आणि करार मोडणारा समोर बसला होता. तेवढंच पाहायचं असं त्यांनी ठरवलं.

निकेश गेल्यावर शरयूताई म्हणाल्या, "जाऊ द्या ना त्याला. पाच वर्षं राबला पोरगा."

"प्रश्न त्याचा नाही. कागदाचा आहे."

"कागद तुमचाच आहे ना?"

हरिभाऊंनी कपाटातून कराराची फाईल काढली. बंडूजींनाही फारसं काही वाटलं नाही. "जाते त जाऊ द्या. कोच काय, दुसरा भेटते," असं म्हणून त्यांनी कमिटीत विषय संपवला. पण हरिभाऊ अडून बसले. आज याला सोडलं तर उद्या कुणीही उठून जाईल, मग करार करायचाच कशाला, असं ते तावातावाने बोलले. त्यांच्यासारखा शांत माणूस एवढा पेटलेला पाहून बाकीच्यांनी मान्य केलं. जिल्हा संघटनेकडे अर्ज गेला.

सुनावणी जूनमधल्या एका रविवारी वर्ध्याला झाली. सुट्टीतल्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग, बुटकी बाकं, सगळे गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. संघटनेचे अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे मुख्याध्यापक. त्यांनी करार वाचला. मग वेणा स्पोर्टिंगने निकेशला दिलेलं पत्र वाचलं. पगार पुलगावपेक्षा नावालाच जास्त होता. शेवटून दुसरी ओळ होती: संघाची निवड सर्वस्वी प्रशिक्षक करतील, पदाधिकारी त्यात बदल करणार नाहीत.

ती ओळ कानावर पडली आणि हरिभाऊंना जानेवारीतली यादी आठवली. निकेशने हिंगणघाटवाल्यांकडून एवढं एकच मागून घेतलं होतं, आणि या खेपेला लिहून घेतलं होतं.

"निकेशराव," मुख्याध्यापक म्हणाले, "सही तुमची आहे, कलम स्पष्ट आहे. पण मंडळाने तुमच्याशी ठरलेलं काही मोडलं असेल तर सांगा. तोंडी ठरलेलं असलं तरी चालेल. तसं असेल तर हे कलम तुम्हाला लावता येणार नाही."

निकेश बाकावर सावरून बसला. त्याने मान वळवून हरिभाऊंकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हरिभाऊ मांडीवरच्या फायलीतले कागद चाळू लागले. चाळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"नाई जी," निकेश म्हणाला. "माही काही तक्रार नाई."

निकाल वीस मिनिटांत लागला. एक वर्ष बंदी. वेणा स्पोर्टिंगच्या माणसाने तिथेच सांगून टाकलं की त्यांना वर्षभर थांबता येणार नाही. आठवड्याच्या आत त्यांनी नागपूरहून कुणाला तरी आणलं.

हरिभाऊ फाईल बगलेत धरून वर्ध्याच्या बसस्थानकावर आले, तर पुलगावच्या बसपाशी निकेशही उभा. गाडीला गर्दी होती. निकेश आधी चढला, त्याला खिडकीची जागा मिळाली. हरिभाऊ दांडी धरून उभे आहेत हे पाहताच तो उठला. "बसा काकाजी." हरिभाऊ नको म्हणाले, पण तो बाजूला सरकून उभा राहिला होता. शेवटी ते बसले. पुलगाव येईपर्यंत निकेश त्यांच्याच बाकाला धरून उभा होता. उतरताना त्याने त्यांना हात दिला.

त्या वर्षी मंडळाकडे दोन कोच आले. पहिल्याला बंडूजींनी दोन महिन्यांत दुखावलं, दुसरा आठवड्यातून एकदा वर्ध्याहून यायचा, मग तेही बंद झालं. रजत नागपूरला परत गेला. जिल्हा चषकात पुलगाव पहिल्याच फेरीत हरलं. हरिभाऊ संध्याकाळी मैदानाकडे जात, तर सहा-सात जण गोलवर फटके मारत असत. सराव म्हणावं असं काही नव्हतं. निकेश पुलगाव सोडून बायकोच्या माहेरी आर्वीला गेल्याचं त्यांच्या कानावर आलं. मेहुण्याचं, रुपेशचं, तिथे कृषी केंद्र होतं.

बंदीची मुदत संपली त्याच आठवड्यात हरिभाऊंनी मंडळाच्या कागदावर एक पत्र लिहिलं. परत ये, निवड सर्वस्वी तुझी, कुणी हात लावणार नाही. बंडूजींकडून सही घेतली आणि आर्वीची बस धरली.

पेरण्यांचे दिवस. दुकानात माणसांना उभं राहायला जागा नव्हती. निकेश काउंटरमागे होता. कुणाला भारी जमिनीत कपाशीचं कोणतं वाण, कुणाला हलक्या रानात कोणतं, तो न अडखळता सांगत होता. अंगाने थोडा भरला होता. हरिभाऊंना पाहून तो बाहेर आला, पाया पडला, स्टूल पुसून दिलं. आतून प्रेरणा, त्याची बायको, चहा घेऊन आली. अर्ध्या तासाने गर्दी जरा ओसरली तेव्हा तो पोत्यावर येऊन बसला.

त्याने पत्र शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. "चांगलं लिहिलं आहे जी. पण आता मन नाई होत."

"इथे खेळायला जातोस का कुठे? पाहायला तरी?"

"नाई. टाइमच नाई भेटत."

"मुकेशचं काय चाललंय?"

"बुटीबोरीले कंपनीत लागला. बरं आहे त्याचं."

हरिभाऊंनी कप खाली ठेवला. मग वर्षभर अडकून राहिलेलं विचारून टाकलं. "सुनावणीत बोलला का नाहीस? ती यादी मी बदलली, एवढं एक वाक्य म्हटलं असतंस तर सुटला असतास."

"मी म्हटलं असतं त ते तक्रार झाली असती, काकाजी." निकेशच्या आवाजात राग नव्हता. "मले वाटलं, तुम्ही बोलसान. म्हणून पाह्यलं होतं तुमच्याकडे."

तेवढ्यात कुणीतरी फवारणीचं औषध मागितलं आणि तो उठला. त्याने बाटली काढून दिली, प्रमाण समजावलं, पावती फाडली. मग आणखी दोघे आले. हरिभाऊ थोडा वेळ बसले आणि "येतो रे" म्हणाले. निकेश त्यांना बसपर्यंत सोडायला निघाला होता. त्यांनी त्याला दुकानाच्या दारातूनच मागे फिरवलं.

संध्याकाळी त्यांनी शरयूताईंना सगळं सांगितलं, यादीपासून. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"दीड वर्ष झालं याला," त्या म्हणाल्या. "आणि मी तुम्हाला म्हणत होते की पोरगा पाच वर्षं राबला. तेव्हा तरी सांगायचंत."

पुढच्या रविवारी कमिटीची बैठक होती. हरिभाऊ उभे राहिले. अंतिम सामन्याची यादी आपण निकेशला न विचारता बदलली, त्याला दिलेला शब्द आपण आधी मोडला, आणि सुनावणीत हे आपण दडवलं, असं त्यांनी सांगितलं. हे इतिवृत्तात घ्यावं, अशी विनंती केली. रजतचं नाव निघालं तेव्हा बंडूजींनी एकदा खुर्ची सरकवली.

"झालं गेलं, हरिभाऊ," बंडूजी शेवटी म्हणाले. "तो येऊन राह्यला का परत?"

"नाही."

"मग आता लिहून काय फायदा?"

हरिभाऊंनी पेनाचं टोपण काढलं. सचिव तेच होते, वही त्यांच्याच हातात होती. त्यांनी ते लिहिलं, एका वाक्याची चार वाक्यं करून, खाडाखोड न करता. तोवर बैठक पुढच्या विषयावर गेली होती: उत्तरेकडच्या गोलची जाळी फाटली होती आणि नवी कुठून आणायची यावर दोघा जणांचं जुंपलं होतं. हरिभाऊंनी पान उलटलं आणि तेही लिहायला घेतलं.